शंभर वर्षांचं खमीर

६ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडता फळीवर टाकाल, हे मला ठाऊक आहे. मग दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना चष्मा शोधाल आणि फोडाल. तेव्हा आधी चहा घ्या आणि मग वाचा. मी पैसे मागत नाही, हिस्सा मागत नाही आणि परत येते असंही म्हणत नाही.

मी बरी आहे. या शहरात माझी एक खोली आहे, तिला एक खिडकी आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. काम एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये मिळालं, गोड पदार्थांच्या विभागात. तुमचे बंधू असते तर म्हणाले असते, "जन्मभर पाव भाजलेस आणि म्हातारपणी गोडाला लागलीस." ते गेल्यावर मी त्यांच्या जागी भट्टीसमोर उभी राहिले. गल्ल्यावर तुम्ही, आत मी. चांगलं चाललं होतं. मग तुम्हाला एकदम साक्षात्कार झाला की भट्टीला पुरुषच लागतो, आणि तुमचे युवराज आले. माझ्याच भाच्याच्या हाताखाली मी पीठ चाळायचं, असं ठरलं. ते मी केलं नाही आणि आजही करणार नाही. हे उगाळण्यासाठी पत्र लिहीत नाही, पण लिहायला बसलं की पेन आपोआप तिकडे वळतं.

इथलं गोड कसलं असतं ते ऐका. आमचा सगळ्यात महाग पदार्थ म्हणजे चॉकलेटचा एक पोकळ गोळा. त्याच्यावर वर्ख, खऱ्या सोन्याचा. आमचे मुख्य शेफ तो वर्ख चिमट्याने लावतात, श्वास रोखून, आणि त्या वेळी शेजारी कोणी शिंकलं तर त्याची खैर नसते. सगळे त्यांना पाठीमागे 'चिमटा' म्हणतात. मीही म्हणते. गोळा टेबलावर गेला की वेटर वरून गरम सॉस ओततो, गोळा वितळतो, आतून धूर निघतो, आणि माणसं फोटो काढतात. किंमत लिहीत नाही, तुमचा रक्तदाब मला माहीत आहे.

आणि तो गोळा कोणी खात नाही. ताटल्या परत येतात तेव्हा वरचं सोनं तेवढं चमच्याने खरवडून नेलेलं असतं, बाकी सगळा चिखल तसाच. सुरुवातीला मला वाटायचं आपल्या हातून काही चुकलं. मग कळलं की तो खाण्यासाठी नाहीच. आपल्याकडे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असायचा. इथे वाळा सोन्याचा आहे आणि सोनुबाईचा पत्ताच नाही.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला आपल्या बरणीतलं खमीर हवं आहे. चमचाभर. मी निघाले तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "या घरातलं काही नेशील तर बघ," आणि मीही इरेला पेटून काही उचललं नाही. त्या चमचाभर आंबट पिठाने तुमचं काही कमी होणार नाही. कोरड्या पिठात चोळून त्याचा चुरा करा, सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत घालून पाठवा. इथे आल्यावर मी त्याला पाणी पाजून उठवीन.

कशासाठी हवं ते पुढच्या पत्रात सांगेन. आधी पाठवा.

वहिनी


२३ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर नाही, म्हणजे पत्र पोहोचलं. पोहोचलं नसतं तर ते माझ्याकडे परत आलं असतं.

कशासाठी हवं ते आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. आता हसा. आमच्या मालकीणबाईंनी विभागातल्या प्रत्येकाला एक नवा पदार्थ करून दाखवायला सांगितला होता. आमच्या शेफने, म्हणजे चिमट्याने, साखरेचा पिंजरा केला आणि आत एक साखरेचाच पक्षी बसवला. मी तुमच्या आईंचं पावाचं पुडिंग केलं. तेच, भट्टी विझत आली की उरलेल्या पावाचे काप आत ठेवून कोरडे करायच्या, मग दुधात बुडवून वर साखर अगदी कडू व्हायच्या काठापर्यंत जाळायच्या, ते. पाव मी इथेच भाजला होता, इथल्याच खमिराचा. इथल्या पिठाचं आणि इथल्या पाण्याचं नवं खमीर मी खोलीच्या खिडकीत धरलं होतं, करमत नाही म्हणून. कोणी मांजर पाळतं, मी ते पाळलं.

मालकीणबाईंनी पिंजऱ्याकडे बघून "वा" म्हटलं. माझं पुडिंग त्यांनी उभ्या उभ्या खाल्लं आणि ताटली बोटाने पुसून घेतली. वन्सं, त्या बाईंना मी कधी पूर्ण घास घेताना पाहिलेलं नव्हतं. मला त्या क्षणी तुम्ही तिथे हव्या होतात, खरंच सांगते.

मग त्यांनी विचारलं, कुठे शिकलीस? मी सासरची बेकरी सांगितली, बरणी सांगितली, आणि आई म्हणायच्या ते सांगितलं, की खमीर तुमच्या आजीने लग्नात आणलं होतं. पुढे हेही सांगितलं की या पावातलं खमीर ते नव्हे, हे माझं, नवं. त्यांनी पहिलं कानात ठेवलं आणि दुसरं तिथेच सोडून दिलं. आठवड्याने कार्ड छापून आलं. पदार्थाचं नाव 'वारसा'. खाली लिहिलंय: 'शंभर वर्षांपूर्वी एका नववधूने शालीखाली झाकून आणलेल्या, आजवर न विझलेल्या खमिरातून.'

मी कार्ड घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

"बाई, हे ते खमीर नाही."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना."

"तुला कळण्याचे पैसे कोणी देत नाही," त्या म्हणाल्या. पण हसून म्हणाल्या. वाईट नाहीत, धंद्याच्या आहेत.

त्या दिवसापासून त्या पदार्थाची किंमत रोज वर चढते आहे. पुडिंग तेवढंच आहे, चढते ती गोष्ट. नववधू आली तशी चांदीची डबी आली. शाल आली तसा डबीखाली मखमलीचा तुकडा आला. वर सोन्याचा वर्ख तर हवाच, नाहीतर चिमट्याने काय करायचं? आणि वेटरने टेबलाशी उभं राहून सगळी गोष्ट सांगायची. आमचा एक वेटर पूर्वी नाटकात काम करायचा. तो 'नववधू' म्हणून असा थांबतो की सरावाच्या वेळी भांडी घासणाऱ्या बाईंनी डोळे पुसले.

मार्चअखेरीस नवं मेन्यूकार्ड सुरू होतंय. मी मालकीणबाईंना सांगितलं आहे की तोवर मी घरचं खरं खमीर मागवते. ते आलं की कार्डावरचं वाक्य खरं होईल आणि मी मान वर करून पुडिंग करीन. ते आलं नाही तर वाक्य काढायचं. यावर त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की माशी बसली म्हणून, ते समजलं नाही. खोटं बोलून पदार्थ विकायचा असता तर मी साखरेचा पक्षीच केला असता. त्यात निदान तुमच्या आजीला ओढावं लागलं नसतं.

म्हणून पुन्हा मागते. माझ्यावर रागवा, खमिरावर रागवू नका.

वहिनी


१४ मार्च

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी. कितीदा वाचल्या ते सांगत नाही.

'खमीर मेलं. पाकिटातलं यीस्ट आणायला लागल्यापासून बरणीकडे कोणी पाहिलं नाही. भट्टीही बंद आहे, दुकानात बाहेरचा पाव ठेवते. तू बरी असशील.'

वाचून मी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून रडले. माणूस गेल्यावर रडतात तशी. आईंना ताप असायचा तेव्हासुद्धा त्या आधी विचारायच्या, "बरणीला घातलं का?" तुमचे बंधू दवाखान्यात होते त्या दिवसांतही मी सकाळी येऊन तिला पीठ-पाणी घालून जायची. आणि एवढं सगळं तगून ते पाकिटातल्या यीस्टने मेलं. युवराजांना माझा आशीर्वाद कळवा. भट्टीला पुरुष लागत होता, पुरुषाला भट्टी लागत नव्हती, एवढाच घोटाळा झाला. आता ते कुठल्या उद्योगात आहेत हे तुम्ही लिहिलं नाही आणि मी विचारत नाही.

रागावून झालं. आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. 'तू बरी असशील.' एवढ्यावर मी पुढचे काही दिवस काढीन.

डोळे धुतले आणि तशीच मालकीणबाईंकडे गेले. खमीर मेलं म्हणून सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "पण ही गोष्ट आपल्या दोघींतच राहू दे."

"वाक्य काढायचं ठरलं होतं."

"लोक एवढे पैसे खिडकीतल्या बरणीला देतील?"

"तुम्ही दिले असते. ताटली पुसून घेतलीत तेव्हा कुठे होती गोष्ट?"

 मग त्यांनी दुसरं आमिष पुढे केलं. चिमटा वर्षाच्या मध्याला दुसरीकडे जाणार आहे. त्यानंतर गोड विभागाची मुख्य मी. फक्त तोंड बंद ठेवायचं.

वन्सं, मला ती जागा हवी आहे. उगाच विरक्तीचा आव आणत नाही. या वयात मला कोणी मुख्य म्हणणार असेल तर मी मुख्य शेफची टोपी घालून झोपेन. पण त्या नववधूला ओळखणारी एक बाई जगात आहे, ती गल्ल्यावर बसते, आणि माझ्या ताटलीबरोबर तिच्या आजीच्या नावाने थाप गेली असं तिला कधी कळलं, तर मी कुठल्या तोंडाने तिला पत्र लिहू? मी मालकीणबाईंना म्हटलं, "नाव काहीही ठेवा. सोनं लावा, चांदी लावा, मखमल घाला. किंमत वाटेल ती घ्या. पण ते वाक्य माझ्या ताटलीबरोबर बाहेर जाणार नाही."

"मग पदार्थ तुझ्याशिवाय जाईल."

"जाऊ दे."

पदार्थ आता चिमट्याकडे आहे. तो पाकिटातल्या यीस्टचा पाव वापरतो, कारण खमीर सकाळी मागतं तेव्हा त्याला द्यायला हवं आणि तो सकाळी कोणाला काही देत नाही. पाव दुधात घातला की लगद्यासारखा होतो. मी शेजारच्या ओट्यावर बिस्किटं कापत असते आणि बघत नाही. फार अवघड काम आहे ते, बघत नाही असं दाखवणं.

पुढचं पत्र रेस्टॉरंटच्या याच पत्त्यावरून येईल की नाही, सांगता येत नाही. कामावरून गेले तर दुसरं शोधीन. शहर मोठं आहे. तिकडे येणार नाही. तुम्हाला दाखवून देण्यासाठी नाही हो, मला इथे राहायचं आहे म्हणून. मला हे काम आवडतं.

रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

वहिनी


२ एप्रिल

वन्सं,

तुम्ही येऊन गेलात आणि मला भेटला नाहीत. यावर मी नंतर भांडणार आहे. बाहेर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आत काय चाललं होतं ते माहीत नाही, म्हणून आधी तेवढं लिहिते.

चिमट्याचं पुडिंग मालकीणबाईंनी चाखलं आणि अर्धं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखलं, पुन्हा अर्धं ठेवलं. मग माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तू कर. ते वाक्य बाहेर जाणार नाही." मी विश्वास ठेवला. नव्या मेन्यूकार्डाच्या पहिल्या संध्याकाळसाठी पाव भाजला, काप वाळवले, साखर जाळली. पहिल्या दोन ताटल्या गेल्या. तिसरी मांडताना पलीकडून आमच्या नटाचा आवाज आला, "शंभर वर्षांपूर्वी एका..." आणि तो थांबला, नेहमीच्या जागी.

मी ताटल्यांच्या ट्रेवर दोन्ही हात ठेवले आणि उभी राहिले. चिमटा म्हणाला, सोड. सोडलं नाही. मालकीणबाई आल्या. स्वयंपाकघरातली सगळी कामं थांबली, नुसता पाण्याचा नळ चालू होता.

"बाहेर माणसं वाट बघताहेत."

"त्यांना खरं सांगा, मग देते."

"उद्या सकाळपासून तू इथली नाहीस, समजलं?"

"समजलं. तरी देत नाही."

वन्सं, तुम्हाला वाटत असेल वहिनी म्हणजे मुलखाची खमकी, पण ट्रे धरून ठेवला होता तो मी स्वतः पडू नये म्हणूनही. आणि तेवढ्यात आमचा नट दार ढकलून आत आला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "खिडकीजवळ एक बाई बसल्यात, कापडी पिशवी घेऊन. मी गोष्ट सांगितली तर म्हणतात, ती नववधू म्हणजे त्यांची आजी."

मी ट्रे सोडला असता त्या क्षणी. कसा सोडला नाही कोण जाणे.

"आणि म्हणतात," तो पुढे म्हणाला, "आजीला साधा चहासुद्धा धड करता येत नव्हता. खमीर त्यांच्या आईने शेजारणीकडून मागून आणलं होतं. आणि तेही आता मेलं."

वन्सं, शेजारणीकडून! आईंनी आम्हा सगळ्यांना जन्मभर आजीची कथा ऐकवली आणि तुम्ही मूग गिळून बसलात. त्या गोंधळातही मला हसू फुटलं. चिमटासुद्धा हसला, मी पहिल्यांदाच त्याचे दात पाहिले.

मालकीणबाई तडक बाहेर गेल्या. तुमच्याशी काय बोलल्या ते मला नटाने नंतर सगळं करून दाखवलं, तुमच्या चष्म्यासकट. तुम्ही म्हणालात, "आजीची गोष्ट राहू द्या, आमच्या वहिनीनं केलेलं काय आहे ते आणा." शेजारच्या टेबलावरच्यांनी विचारलं, वहिनी कोण? आणि तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंत, "आमची भट्टी सांभाळायची. आम्हीच घालवली."

नटाने हे वाक्य सांगताना नाटक केलं नाही. साधं सांगितलं आणि भांडी घेऊन निघून गेला.

मालकीणबाई परत आल्या तेव्हा मी तशीच ट्रे धरून उभी होते. त्या म्हणाल्या, "खिडकीजवळ एक, आणि तिच्या शेजारी चार. गोष्ट नको, नुसतं पुडिंग मागताहेत." मी डबी बाजूला ठेवली, वर्ख लावला नाही, आणि साध्या ताटलीत तुमचं पुडिंग पाठवलं. माझ्या आयुष्यात मी इतका नीट काप कधी कापलेला नाही. ताटली परत आली ती धुतल्यासारखी. सोबत तुमचा निरोप आला, "मीठ जरा कमी आहे."

मी चाखून पाहिलं. कमी होतं. वाढवलं आहे.

बिल बघून तुम्ही चष्मा पुसलात, पुन्हा बघितलंत आणि "मालकिणीला बोलवा" म्हणालात, तेही कळलं. त्यांनी ते फाडून टाकलं म्हणतात. त्या बाईंनी बिल फाडलेलं इथे कोणाच्या आठवणीत नाही. मी हात धुऊन बाहेर धावले तर खुर्ची रिकामी. नट म्हणाला, तो मला बोलवायला निघाला तर तुम्ही त्याला अडवलंत, "कामात आहे ती, ताटल्या गार होतील." पुडिंग गारच असतं, वन्सं. तुम्हालाही भेटायला भीती वाटली, एवढं सरळ म्हणा.

सकाळी मालकीणबाईंनी बोलावलं. मी पिशवी भरूनच गेले होते. तर त्या खुशीत. म्हणाल्या, काल घडलं ते तर आणखी छान आहे, नणंद आली, भर हॉटेलात बोलली, हेच छापू. मी म्हटलं, "नणंद विकायला नाही." अर्धा तास झाला, चहा झाला, पुन्हा अर्धा तास झाला. मी हलले नाही. आता कार्डावर आहे: 'पावाचं पुडिंग. खमीर इथेच केलेलं, नवं.' खाली काही नाही. किंमत मात्र त्यांनी कमी केली नाही. लोक आता म्हणे खरेपणाचे पैसे देतात. देऊ देत. मुख्य करायचं की नाही ते वर्षाच्या मध्याला ठरवू, असं म्हणाल्या. ठरवू देत. मी तोवर इथेच आहे.

या पत्राबरोबर एक पुडी आहे. फेकू नका, तो कचरा नाही. माझ्या खमिराचा चुरा आहे. कोमट पाण्यात भिजवा, पीठ घाला, फडकं बांधून फळीवर ठेवा. रोज सकाळी अर्धं काढून टाकायचं आणि नवं घालायचं, तुम्हाला मी काय सांगणार. खमिराचा थेंब पाण्यात टाकल्यावर तरंगला की भट्टी पेटवा. तुम्ही स्वतः. युवराजांची वाट बघू नका. मी इतकी वर्षं आत उभी होते आणि तुम्ही बाहेरून सगळं बघत होता, तुम्हाला येतं. पहिले पाव चपटे होतील. होऊ देत, तेच खा.

मी परत येणार नाही, हे पुन्हा लिहिते, म्हणजे तुम्ही माझी जागा मोकळी ठेवणार नाही. तिथे तुम्ही उभ्या राहा. आणि पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाने विचारलं की खमीर कुठून आणलं, तर कोणाची आजी काढू नका. वहिनीकडून आलं, म्हणून सांगा.

वहिनी